तुझा अर्धा गठ्ठा

सुमे,

तुला जाऊन आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यासाठी धड रडले नाही. लोकांना वाटतं, विजूताई खंबीर आहेत. खंबीर कसली डोंबलाची! मी रागावले आहे. डोळ्यांत पाणी यायच्या आधी राग येतो आणि मग पाणी यायचं राहून जातं.

उद्या सकाळी वाचनालयाच्या सभागृहात तुझी शोकसभा आहे. आपल्या कलाशिक्षकांच्या मंडळाने ठेवली आहे आणि मुख्य बोलायचं मला आहे. "तुमच्याशिवाय कोण बोलणार? एकतीस वर्षं एका शाळेत, एका टेबलाशी," असं अध्यक्ष फोनवर म्हणाले. त्याच सभागृहात, त्याच माइकवर, डिसेंबरात मी टोकियोच्या कलासंग्रहालयांवर भाषण ठोकलं होतं. तू पहिल्या रांगेत होतीस, मोरपंखी साडीत. साठ-सत्तर माणसांना मी धडधडीत खोटं सांगत होते आणि ते खोटं आहे हे त्या अख्ख्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. एक तू आणि दुसरे तुझ्या शेजारी बसलेले तुझे प्रभाकरराव. दोघंही मन लावून ऐकत होतात.

आता त्याच लोकांसमोर पुन्हा उभं राहायचं आहे. त्यांना काय सांगायचं ते ठरत नाही. म्हणून आधी तुझ्याशी भांडून घेते. तू मध्ये बोलणार नाहीस हे एक बरं आहे, नाहीतर तू हसवून भांडण मोडायचीस.

गठ्ठ्यापासून सुरुवात करते. शाळेत चित्रकलेच्या शिक्षिका आपण दोघीच. वार्षिक परीक्षा झाली की पाचवीपासूनची सगळी चित्रं दोरी बांधून आपल्या टेबलावर यायची. वरचा अर्धा गठ्ठा तू घ्यायचीस, खालचा मी. नियम असा होता की गठ्ठ्यावर दोघींची सही हवी, म्हणजे एकीने तपासलेलं दुसरीने नजरेखालून घालायला हवं. पहिल्या वर्षी मी घातलं. स्मरणचित्राचा विषय होता, बाजार. निम्म्या मुलींनी ओळीने तीच दुकानं आणि तीच टोपलीवाली बाई काढली होती, सुबक, रेघेत रेघ. एका मुलीचं चित्र मात्र वेडंवाकडं होतं आणि तू त्यालाच सगळ्यात जास्त गुण दिले होतेस. मी विचारलं, हे काय? तू बोट ठेवून दाखवलंस, "ही बघ भाजीवाली. मांडीखाली पोतं दुमडून घेतलंय हिने. हे पुस्तकात नसतं. या पोरीने बाजार पाहिलाय. बाकीच्यांनी ऐकलेला काढलाय."

मी त्या चित्राकडे दहा मिनिटं बघत होते. त्यानंतर तुझ्या अर्ध्या गठ्ठ्यावर मी न बघता सही करू लागले. एका मुख्याध्यापिकाबाईंनी ते पाहिलं आणि टोचून विचारलं, "न बघताच सही करता वाटतं?" मी म्हटलं, "सुमनने बघितलंय म्हणजे मी बघितलंय." हे वाक्य मी पुढे कितीतरी जणांना ऐकवलं, मोठ्या फुशारकीने. आता आठवलं की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

जपानचं वेड मूळचं तुझं. कुठल्याशा जपानी कॅलेंडरचं एक पान तू स्टाफरूममधल्या आपल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतंस. बर्फात एका पायावर उभा असलेला बगळा. सुट्टी लागली की ब्रश धुऊन कपाटात ठेवताना तू त्याला म्हणायचीस, "येते रे तुझ्या गावाला एकदा." मी म्हणायचे, एकटी नको, आपण दोघी जाऊ. दोघी निवृत्त झालो. माझ्या भावाची मुलगी मुग्धा नोकरीसाठी टोकियोला होतीच. तिने फोन करून करून भंडावलं, "आत्या, दोघी या, माझ्याकडेच राहा, नोव्हेंबरात झाडं पिवळी होतात." मग आपण तिकिटं काढली.

जायच्या आधी तू माझ्याकडे आली होतीस. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होतीस. मी तुला म्हटलं, आणि हे मी म्हटलं होतं ते मला मान्य आहे, "हे बघ सुमे, तिथे जाऊन पाय दुखतात, दमले, बसू या जरा, असलं रडगाणं लावायचं असेल तर आत्ताच सांग. मला बाकावर बसून टोकियो बघायचं नाही." तू वर न बघता म्हणालीस, "नाय गं लावणार."

तुझं ते 'नाय'! इतकी वर्षं शहरातल्या शाळेत शिकवून तुझी बोली अगदी धुऊन-पुसून स्वच्छ झाली होती. माहेरचं, दिंडोरीकडचं बोलणं फक्त अगदी आतलं काही बोलताना बाहेर यायचं. तू 'नाही' म्हणालीस तर मी एकदा पुन्हा विचारायचे. 'नाय' म्हणालीस की विषय संपला. तू नेमकं ते वापरलंस. यालाच केसाने गळा कापणं म्हणतात, सुमे.

उएनोच्या बागेत पहिल्या सकाळी मुग्धाने आपल्याला सोडलं. एका बागेत इतकी संग्रहालयं की कुठून सुरुवात करावी कळेना. त्यातल्या एका मोठ्या आवारात समोर एक इमारत, बाजूला आणखी इमारती आणि मध्ये एक प्रचंड झाड. समोरच्या इमारतीला रुंद पायऱ्या होत्या. तू त्या पायऱ्यांकडे एकदा बघितलंस, मग माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "विजे, दोघी एकाच चित्रासमोर उभ्या राहिलो तर चार दिवसांत निम्मंच बघून होईल. गठ्ठा वाटून घेऊ. तू हे बघ, मी ते शेजारचं बघते. संध्याकाळी एकमेकींना सांगू."

मला कल्पना इतकी आवडली की मी टाळी दिली. खरं सांगू? मनातून हायसंही वाटलं. तू एकेका चित्रासमोर पाव पाव तास उभी राहतेस आणि मला भरभर सगळं बघून मग हवं तिथे परत यायला आवडतं. त्यामुळे मी एकदाही विचारलं नाही की, अगं, आयुष्यभर ठरवलं होतं दोघींनी मिळून बघायचं, त्याचं काय झालं? हा माझा गुन्हा. पण तो छोटा आहे. तुझा मोठा आहे.

माझ्या अर्ध्या गठ्ठ्यात काय काय होतं ते तुला रोज सांगितलंच. सोनेरी पडदे, चित्रं रंगवलेले, घडी उघडून उभे केलेले, भिंतीएवढे. इतकी शांतता की माझ्या बुटांचं करकरणं मलाच खटकायचं. प्रत्येक दालनाच्या कोपऱ्यात खुर्चीवर मांडीवर शाल घेऊन बसलेली राखणदार बाई. मी पेनने वहीत काही टिपायला लागले तर एक जण लगबगीने उठून आली, वाकली आणि दोन्ही हातांनी मला पेन्सिल दिली. आत शाई चालत नाही म्हणे, चित्रांना धोका. चित्रकलेच्या शिक्षिकेला पेन्सिल देतात म्हणून तू किती हसली होतीस.

साडेचारला झाडाखाली भेटायचं ठरलं होतं. चारही दिवस तू माझ्या आधी तिथे. स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्याला उशिरा पोचलेली तू! मला वाटलं, जपानची हवा लागली.

आणि मग संध्याकाळी मुग्धाकडे जेवताना तुझी चित्रं. मी आधी बोलून घ्यायचे, कारण मला धीर नसतो. तू नंतर, डोळे मिटून, सावकाश. मुग्धा भात वाढायची विसरायची.

पहिल्या संध्याकाळी फळबागेचा पडदा. पानं विरळ, वेली आडव्या आणि प्रत्येक फळ कागदात गुंडाळलेलं. "झाडांना कुणी पत्रं टांगलीत असं वाटतं," तू म्हणालीस. "आणि खाली कोपऱ्यात एक म्हातारी एकच कागद जरासा उघडून आत डोकावते. तिचं तोंड दाखवलेलं नाही. फक्त मान."

दुसऱ्या दिवशी नदी. पण पाणी कुठेच काढलेलं नाही. दगडी पायऱ्यांवर लांबच लांब कापडं वाळत घातलेली, त्यांच्या कडा धरून पाठमोऱ्या बायका आणि कापडं ज्या बाजूला फुगली आहेत त्यावरून वारा कळतो, वाऱ्यावरून नदी कळते.

तिसऱ्या दिवशी पाऊस. डोंगराच्या उतारावर चिखलात वाकलेली माणसं, अंगावर पानांची टोपरी, डोक्यापासून कमरेपर्यंत. माणसं दिसतच नाहीत, पानांचे ढीग चालताहेत असं वाटतं. एका ढिगाखालून फक्त एक हात आलेला, हातात रोप.

मी वेडी झाले. म्हटलं, "उद्या मला घेऊन जा, दाखव मला तो पडदा." तू म्हणालीस, "उद्या आपल्याला दुसऱ्या इमारती बघायच्या आहेत. तू कशाला दमतेस? सही कर की." आणि हसलीस. मीही हसले. सही केली.

चौथ्या दिवसाचं चित्र तू अगदी थोडक्यात सांगितलंस. एक बाई, पाठमोरी, उभी. बस्स. मी विचारलं, "पाठ कशी काढली आहे?" तू म्हणालीस, "जिवंत." मला ते काही विशेष वाटलं नाही, म्हणून भाषणात मी ते घेतलंच नाही. पहिली तीन घेतली.

ते भाषण! माझे फोटो आधी दाखवले आणि मग म्हटलं, "आता माझ्या मैत्रिणीने बघितलेली तीन चित्रं फोटोशिवाय दाखवते." लोक कसे ऐकत होते! कागदात गुंडाळलेल्या फळांचं सांगितल्यावर मागच्या रांगेतून एका तरुण शिक्षकाने विचारलं, "मॅडम, चित्रकाराचं नाव काय?" मी माइक तुझ्याकडे केला, "सांग ना गं." तू उठलीस, पदर सारखा केलास आणि म्हणालीस, "जपानी नावं कुणाच्या लक्षात राहतात?" सगळे हसले. प्रभाकररावही हसले. तो तरुण शिक्षक दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांना तेच चित्र काढायला बसवणार होता, त्याने मला येऊन सांगितलं. मी मुग्धाला फोन केला, त्या पडद्याचा फोटो मिळव. ती म्हणाली, "आत्या, मी खूप शोधलं, असं काही सापडत नाही. पण इथे चित्रं थोड्या थोड्या आठवड्यांनी बदलतात, नाजूक असतात म्हणून पुन्हा पेटीत ठेवतात. मावशींनी बघितलं तेव्हा असेल." बघ, तुझ्या खोट्याला अख्ख्या जपानने टेकू दिला.

संक्रांतीला तू माझ्या हातावर तिळगूळ ठेवलास. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रभाकररावांचा फोन आला.

दहाव्याला आम्ही सगळे गंगेवर, गोदावरीच्या घाटावर होतो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तुझ्या मुलाने हात जोडले, "आई, बाबांना एकटं ठेवणार नाही." कावळा नाही. तुझा भाऊ नाना म्हणाला, "बाई, बागेची काळजी नको करू, यंदा माल चांगला हाय." नाही. मला पुढे केलं. मी म्हटलं, "सुमे, तुझे ब्रश मी सांभाळीन." समोरच्या भिंतीवर तीन कावळे ढिम्म. मी मागे सरले आणि उगाच पायऱ्यांकडे बघत राहिले. बायका धुतलेली लुगडी दोन्ही टोकांना धरून वाळत घालत होत्या. वारा होता. मी ते बघितलं आणि मला काहीही आठवलं नाही. इतकी मी शहाणी.

शेवटी प्रभाकरराव पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "बरं बाई, विजूताईंना टोकियोचं खरं काय ते सांगून टाकतो. मग तर झालं?"

आणि कावळा आला. माझा कावळ्याबिवळ्यावर विश्वास नाही. त्या दिवशी घाटावर पिंड पुष्कळ होते आणि कावळे कमी, वेळ लागायचाच. पण आला तेव्हा आला.

तिथेच पायरीवर बसून त्यांनी सांगितलं. तुझ्या हृदयाची झडप सप्टेंबरातच बिघडलेली निघाली होती. डॉक्टर म्हणाले होते, आधी ऑपरेशन, मग फिरणं. तू ऑपरेशन फेब्रुवारीवर ढकललंस. पहिल्याच दिवशी त्या शेजारच्या इमारतीत एक जिना चढलीस आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. राखणदार बाईने खुर्ची दिली, पाणी आणलं. ती कुणाला तरी बोलवायला निघाली तशी तू तिचा हात धरून ठेवलास. पुन्हा असं झालं तर मला शोधून आणतील, म्हणून पुढचे दिवस तू खालच्या दालनातल्या कोचावर बसून काढलेस. दहा ते साडेचार.

"मग ती चित्रं?" मी विचारलं. प्रभाकरराव म्हणाले, "ती कुठली ते तिलाच माहीत. मला म्हणाली, विजूला रिकाम्या हाताने कसं तोंड दाखवू?"

तुझ्या नवऱ्याला ठाऊक. मुलाला ठाऊक. नानाला ठाऊक. मी सोडून घरादाराला ठाऊक, आणि मला ताकास तूर लागू दिली नाहीस. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ते म्हणाले, "शपथ घातली होती. म्हणाली, विजूला कळलं तर ती तिकीट फाडून टाकेल."

टाकलंच असतं! फाडून गोदावरीत सोडलं असतं. मग काय बिघडलं असतं? संग्रहालयं कुठे पळून जात होती? ऑपरेशन करून पुढच्या वर्षी गेलो असतो. आणि जायचंच होतं तर तिथे दारातच चाकाच्या खुर्च्या ठेवलेल्या असतात, कुणालाही देतात. मी ढकलली असती तुला. तुझ्या वेगाने, एकेका चित्रासमोर पाव पाव तास. मला कंटाळा आला असता, मी कुरकुरले असते, पण ढकलली असती. तू ते मला करू दिलं नाहीस. माझं ते एक वाक्य धरून बसलीस, की मला बाकावर बसून टोकियो बघायचं नाही. अगं, मी काहीही बोलते! एकतीस वर्षांत हे तुला कळलं नाही?

घरी येऊन मी तीन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. चौथ्या दिवशी ठरवलं, तुझा अर्धा गठ्ठा एकदा तपासायचाच. दिंडोरीची बस पकडली. नानाला वाटलं, मी भेटायला आले. मी म्हटलं, बाग दाखवा.

द्राक्षाच्या घडांना पेपर लावलेले होते. ओळीच्या ओळी, प्रत्येक घड वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मी पहिल्या ओळीच्या तोंडाशीच थांबले. तुझी थोरली काकी कमरेत वाकून बागेत फिरत होती. एका घडाचा पेपर तिने दोन बोटांनी जरासा उघडला आणि आत डोकावली. मला फक्त तिची मान दिसत होती.

"काय बघताय काकी?" मी विचारलं.

"रंग आला का बघते," ती म्हणाली. "सुमीला लय नाद व्हता याचा. ल्हान हुती तवा सगळे पेपर उघडून बघायची. लय मार खायची माझ्या हातचा."

मी तिथे बांधावर बसून तुला शिव्या दिल्या. नाना बिचारा पाण्याची बाटली घेऊन आला.

परतताना नदीचं आपोआप उलगडलं. दहाव्याला डोळ्यांसमोर होतं तेच. राहिला पाऊस. तो कुठला ते काही कळेना, म्हणून काल तुझ्या घरी गेले, प्रभाकररावांशी भांडायला. ते म्हणाले, बसा. मी नेहमीच्या खुर्चीकडे वळले आणि भिंतीवर नजर गेली. इरलं! तुझी पहिली नोकरी पेठकडच्या आश्रमशाळेत, तिथून निघताना पोरांनी तुला दिलेलं, पावसात भात लावताना डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, पानांनी शाकारलेलं इरलं. इतकी वर्षं त्याच खिळ्याला, माझ्या खुर्चीच्या बरोबर मागे. त्या खुर्चीत बसून मी शेकडो कप चहा प्यायले आणि दर वेळी त्याच्याकडे पाठ करून. तू समोर बसायचीस. तुला ते रोज दिसत होतं, माझ्या डोक्यावरून.

म्हणजे तीनही चित्रं तू पाहिलेली होतीस. ऐकलेलं एकही नाही. तुझ्याच मापाने मोजलं तर तुला पैकीच्या पैकी द्यावे लागतात. पण मी देणार नाही. बाजार विचारल्यावर पाहिलेला बाजार काढायचा असतो, सुमे. मी टोकियो विचारलं होतं.

प्रभाकररावांनी मग तुझी टोकियोची वही आणून दिली. "ही तुमच्यासाठी ठेवली होती तिने," म्हणाले. मी पानं उलटली. छत्र्यांची कुलूपवाली मांडणी. राखणदार बाईच्या मांडीवरची शाल. सहलीला आलेल्या पोरांचे बूट, बूट, बूट. सगळं कोचावरून दिसणारं, सगळं पेन्सिलीत. हात कुठेही थरथरलेला नाही.

शेवटच्या पानावर मी होते. चौथा दिवस. तू लिफ्टने वर आली होतीस, माझ्या इमारतीत, माझ्या दालनात, आणि माझ्यामागच्या बाकावर बसली होतीस. मी पडद्याच्या काचेला नाक लावून उभी. चष्मा कपाळावर, ओढणीचं एक टोक जमिनीला लागलेलं, खांद्यावरची पिशवी एका बाजूला ओढणारी आणि उजवा पाय बुटातून अर्धा बाहेर, कारण माझे पाय दुखत होते. तुला रडगाणं नको म्हणून दम देणाऱ्या माझे पाय दुखत होते आणि मी ते तुला सांगितलं नव्हतं. तू ते बघून काढलंस. माझी पाठ अशी दिसते हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं.

खाली उजव्या कोपऱ्यात तुझी सही आहे. शेजारी एका सहीची जागा सोडलेली आहे, गठ्ठ्यावर सोडायचीस तशी.

उद्याचं ठरलं आहे. त्या तरुण शिक्षकाने चित्रकाराचं नाव विचारलं होतं, ते मी सांगणार आहे. सांगेन की डिसेंबरात मी तुम्हाला तीन चित्रं दाखवली ती टोकियोची नव्हती. एक दिंडोरीचं, एक गंगेवरचं, एक पेठकडचं, आणि तिन्हीची चित्रकार एकच, ती त्या दिवशी इथे पहिल्या रांगेत बसली होती आणि हसत होती. लोक हळहळतील, टाळ्या वाजवतील, तुला आणखी मोठं करतील. करू देत. मी तोंडघशी पडेन, तेही चालेल.

चौथ्या चित्राचं मात्र कुणालाही सांगणार नाही. त्याच्यावर सहीही केलेली नाही. रात्रीपासून वही समोर उघडी आहे आणि मी त्या बाकाचं आणि माझं अंतर पुन्हा पुन्हा मोजते आहे. जेमतेम सहा पावलं. तिथे मोठ्याने बोलायचं नसतं, मला ठाऊक आहे. हळूच मारायचीस एक हाक. विजे, एवढंच. मी वळले असते गं.